बरगडी मोजण्यापासून छातीतली नळी काढण्यापर्यंत: छातीच्या भिंतीचं उपयोगी शरीरशास्त्र

‘पाचव्या स्पेसमध्ये सुई घाला’ हे वाक्य वाचायला सोपं आहे. पेशंट समोर आला की पाचवी स्पेस कुठली, इथेच गाडी अडते. पहिली बरगडी हाताला लागत नाही. ती हंसळीच्या हाडामागे (कॉलरबोनमागे) दडलेली असते. तिला चाचपडत शोधणारा बहुतेक वेळा दुसरीलाच पहिली समजतो आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. दोन बरगड्यांमधल्या जागेला वॉर्डात सगळे ‘स्पेस’ म्हणतात, इथेही तोच शब्द वापरला आहे. स्पेसचा नंबर तिच्या वरच्या बरगडीचा.

लेख वैद्यकीय विद्यार्थी, इंटर्न आणि परिचारिकांसाठी आहे. सुई आणि नळीचा भाग वाचून कुणी एकट्याने हात घालू नये. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकायला उभं राहण्याआधी नकाशा डोक्यात बसावा, एवढाच त्याचा उपयोग.

मोजणी दुसऱ्या बरगडीपासून

गळ्याच्या तळाशी, दोन हंसळ्यांच्या मधे जो खळगा आहे त्यात तर्जनी ठेवा. तिथून छातीच्या मधल्या हाडावरून बोट सरळ खाली सरकवा. साधारण 5 सेंटिमीटरवर, म्हणजे तीन बोटांच्या अंतरावर, हाडाला आडवा उंचवटा लागतो. हाडाचा वरचा तुकडा (मॅन्युब्रिअम) आणि मधला लांब तुकडा इथे जुळतात. हाच लुईचा कोन. डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला कळतो. मात्र बोट दाबून ठेवू नका, वरखाली घासा.

त्या उंचवट्यावरून बोट बाजूला नेलं की जी बरगडी लागते ती दुसरी. इथे सहसा चूक होत नाही, म्हणून मोजणी इथून करायची. तिच्या खालचा मऊ भाग ही दुसरी स्पेस. पुढे उतरताना मधल्या हाडाला चिकटून जाऊ नका, कारण खालच्या बरगड्यांच्या कुर्च्या (पुढची मऊ, लवचीक हाडं) तिथे एकमेकींत दाटीवाटीने शिरलेल्या असतात आणि सहावी कुठे संपली, सातवी कुठे सुरू झाली ते कळत नाही. तिसऱ्या बरगडीपासून थोडं तिरपं, बाहेरच्या बाजूला उतरत जा. एक बोट सापडलेल्या बरगडीवर रोवायचं आणि दुसऱ्याने पुढची शोधायची. दोन्ही बोटं एकदम उचलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

स्तनाग्रावरून जागा ठरवायची सवय लावून घेऊ नये. पुरुषांत ते बहुधा चौथ्या स्पेसवर येतं. स्त्रियांत आणि स्थूल व्यक्तींत त्याचा भरवसा नाही.

लुईच्या कोनाचा आणखी एक उपयोग आहे. त्या पातळीवर मागे चौथ्या-पाचव्या छातीच्या मणक्यांमधली चकती येते, श्वासनलिका तिथेच दुभंगते आणि महाधमनीची कमान तिथे सुरू होऊन तिथेच संपते. एक्स-रे किंवा सीटी वाचताना ही आडवी रेघ फार कामाला येते.

पाठीमागून मोजायचं तर हात अंगाला सैल सोडलेले असताना खवाट्याचं, म्हणजे खांद्याच्या पात्याचं, खालचं टोक सातव्या बरगडीच्या आसपास असतं आणि खवाट्यावरचा आडवा कणा छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर. खालून वर मोजू नये. बारावी बरगडी काहींत इतकी आखूड असते की हाताला लागतच नाही, आणि अकरावी बारावी समजली जाते.

दोन बरगड्यांच्या मधे

त्वचा, चरबी आणि वरचे स्नायू ओलांडले की स्पेसमध्ये स्नायूंचे तीन थर लागतात. बाहेरच्याचे धागे खाली-पुढे उतरतात, मधल्याचे खाली-मागे, आणि सगळ्यात आतला थर पातळ व तुटक असतो. मधल्या आणि आतल्या थराच्या मधून, वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खोबणीत शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात. वरून खाली त्यांचा क्रम हाच: शीर सगळ्यात वर आणि सुरक्षित, मज्जातंतू सगळ्यात खाली आणि उघडा.

म्हणून छातीत सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात. सुईचं टोक आधी बरगडीवर टेकवायचं, मग हाडावरून ‘चालवत’ वर आणायचं आणि कडा सुटली की आत. तिथेही लहान फांद्या असतात, पण त्या बारीक. बरगडीखालचा मज्जातंतू बधिर करायचा असेल तेव्हा मात्र मुद्दाम उलट, वरच्या बरगडीच्या खालच्या कडेशी जावं लागतं.

पुस्तकातल्या आडव्या छेदाच्या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. कण्याजवळच्या पहिल्या 5-6 सेंटिमीटरमध्ये धमनी खोबणीत नसते, स्पेसच्या मध्यातून जाते, आणि वृद्धांत ती नागमोडी होते. ‘बरगडीच्या वरून’ हा नियम पाळूनही तिथे रक्तस्राव होऊ शकतो. पाठीतून सुई घालताना कण्यापासून दूर, खवाट्याच्या टोकातून खाली काढलेल्या रेषेच्या आसपास राहायचं ते यासाठी. पुढच्या बाजूला मधल्या हाडाच्या कडेपासून साधारण 1 ते 1.5 सेंटिमीटरवर छातीची आतली धमनी उभी उतरते. तिथेही सुईला जागा नाही.

फुप्फुस संपतं कुठे, आवरण संपतं कुठे

शांत श्वासात फुप्फुसाची खालची कडा हंसळीच्या मध्यरेषेत सहाव्या बरगडीवर, काखेच्या मध्यरेषेत आठव्या आणि कण्याजवळ दहाव्या बरगडीच्या पातळीवर असते. फुप्फुसावरण दोन-दोन बरगड्या खाली जातं: आठ, दहा, बारा. मधल्या रिकाम्या खोलगट जागेत पाणी आधी साचतं.

वरच्या टोकाला आवरण हंसळीच्या आतल्या तिसऱ्या भागाच्या वर सुमारे 2.5 सेंटिमीटर मानेत शिरलेलं असतं. मानेतल्या शिरेत सुई घालताना फुप्फुस फुटतं ते यामुळे.

पूर्ण उच्छ्वासात उजवीकडचं श्वासपटल चौथ्या स्पेसपर्यंत चढतं. म्हणजे स्तनाग्राच्या पातळीखालची भोसकल्याची जखम बाहेरून छातीची दिसली तरी यकृत किंवा प्लीहेपर्यंत गेलेली असू शकते. अशा पेशंटचं पोट तपासल्याशिवाय सोडू नये.

फुप्फुसाच्या खंडांचं गणित तपासताना लागतं. तिरपी भेग पाठीत तिसऱ्या मणक्यापासून पुढे सहाव्या कुर्चेपर्यंत उतरते. उजवीकडची आडवी भेग चौथ्या कुर्चेच्या रेषेत असते. त्यामुळे पाठीवर ऐकू येतो तो बहुतांशी खालचा खंड आणि पुढे वरचा. उजवा मधला खंड फक्त पुढून आणि काखेतून भेटतो. पाठ ऐकून ‘छाती साफ’ लिहिणाऱ्याकडून मधल्या खंडाचा न्यूमोनिया हमखास सुटतो.

हाताने आणि कानाने

क्रम ठरलेला आहे: बघणं, हात लावणं, ठोकणं, ऐकणं. घाईत पहिले तीन गाळून थेट स्टेथोस्कोप लावला जातो. ठोकून पाहण्याची पद्धत ऑस्ट्रियन डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये प्रसिद्ध केली. स्टेथोस्कोप फ्रेंच डॉक्टर लेनेक यांच्या हातून 1816 मध्ये आला. म्हणजे ठोकण्याची पद्धत पंचावन्न वर्षांनी जुनी आणि आजही पाणी ओळखायला कानापेक्षा बोट सरस ठरतं.

ठोकताना डाव्या हाताचं मधलं बोट स्पेसमध्ये सपाट आणि घट्ट दाबा, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने त्या बोटाच्या शेवटच्या सांध्याजवळ मारा. हालचाल मनगटातून, कोपरातून नाही, आणि मारलं की बोट लगेच उचला. टेकवून ठेवलं की आवाज दबतो आणि सगळी छाती ठस लागते. लगोलग उजवी-डावी तुलना करा. एका बाजूचा आवाज एकट्याने काही सांगत नाही.

छाती फुगते किती ते पाहायला दोन्ही तळहात बरगड्यांवर ठेवा, अंगठे मध्यरेषेत हवेत सैल, आणि खोल श्वास घ्यायला सांगा. ज्या बाजूचा अंगठा मागे राहतो, आजार बहुधा त्याच बाजूला. टेपने मोजल्यास निरोगी प्रौढांत 5 सेंटिमीटर किंवा अधिक फुगवटा मिळतो, 2.5 पेक्षा कमी असेल तर कण्याच्या आखडण्याचा संधिविकारही मनात आणावा.

आता आजार. छातीत पाणी झालं असेल तर त्या बाजूला ठोकल्यावर दगडासारखा ठस आवाज, ‘एक-दोन-तीन’ म्हणायला सांगितल्यावर हाताला कंप लागत नाही आणि श्वासाचा आवाज क्षीण. न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झालं असेल तर ठसपणा असतो, पण कंप वाढलेला आणि श्वासाचा आवाज नळीतून आल्यासारखा. दोन्हींत ठस लागतं, म्हणून निवाडा कंपावर करायचा. फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल तर ठोकल्यावर पोकळ, ढोलासारखा आवाज आणि श्वास जवळजवळ ऐकू येत नाही. श्वासनलिका मधोमध आहे का, हे गळ्याच्या खळग्यात बोट ठेवून पाहावं: भरपूर पाणी किंवा दाबलेली हवा तिला पलीकडे ढकलते, आक्रसलेलं फुप्फुस तिला आपल्याकडे ओढतं.

दुखतं ते भिंतीतलं की आतलं

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. पेशंट बोटाने एकच जागा दाखवतो, दाबल्यावर दुखतं, वळल्यावर किंवा खोकल्यावर चमक निघते. मग ‘उसण भरली’ म्हणून विषय संपवला जातो. दाबून दुखणं म्हणजे हृदय निर्दोष, असा अर्थ निघत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या काही जणांनाही छाती दाबल्यावर दुखतं. म्हणून दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं दुखणं, घाम, मळमळ, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ यांतलं काहीही असेल तर 10 मिनिटांत ईसीजी, आणि तो सामान्य आला तरी गरजेप्रमाणे पुन्हा ईसीजी व ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी).

भिंतीतलं दुखणं बहुधा कुर्चांचं असतं. मधल्या हाडाच्या कडेला, दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या जोडावर, एकाहून अधिक ठिकाणी दुखतं आणि सूज नसते. बोटाच्या टोकाने प्रत्येक जोड वेगवेगळा दाबा. तळहाताने दाबून काही कळत नाही. दाबल्यावर ‘दुखतं का?’ असं न विचारता ‘तुमचं नेहमीचं दुखणं ते हेच का?’ असं विचारा. या प्रश्नानेच निम्मं निदान होतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडावर एकाच ठिकाणी स्पष्ट सूज असेल तर तो टीट्झचा आजार. दोन्हींना वेदनाशामक, जोर लागणारी कामं काही काळ बंद, आणि धीर. काही आठवड्यांत उतरतं, काहींना महिने लागतात.

आठवी ते दहावी बरगडी मधल्या हाडाला थेट जोडलेली नसते. त्यांचा कुर्चेचा सांधा सैल झाला तर वाकताना ‘कट्’ होऊन पोटाच्या वरच्या भागात कळ जाते. बरगड्यांच्या खालच्या कडेखाली बोटं अडकवून हलकेच पुढे ओढल्यावर तीच कळ उठली तर निदान जवळपास पक्कं. पोटाच्या तपासण्यांवर तपासण्या झालेल्या पेशंटमध्ये हे आठवावं.

नागीण पुरळ येण्याआधी दोन-तीन दिवस नुसतीच आग करते. एका बाजूला पट्ट्यासारखं दुखणं, कपडा घासला तरी सहन न होणं आणि मध्यरेषेवर दुखणं थांबणं, हे दिसलं तर त्वचा रोज बघा. चौथ्या मज्जातंतूचा पट्टा स्तनाग्रावरून, दहाव्याचा बेंबीवरून जातो. विषाणूरोधक औषध पुरळ आल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी.

सातवा ते अकरावा मज्जातंतू छातीतून पुढे पोटाच्या भिंतीत जातात. त्यामुळे फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटदुखी म्हणून येतो, लहान मुलांत तर अपेंडिक्स वाटावा इतका. श्वासपटलाच्या मधल्या भागाची वेदना मात्र खांद्याच्या टोकाला जाणवते, कारण त्याचा मज्जातंतू मानेतून येतो.

बरगडी मोडली तर

बरगडी सहसा तिच्या मागच्या वळणाच्या जरा पुढे मोडते, आणि जास्त करून चौथी ते नववी. पहिली-दुसरी मोडली असेल तर मार फार जोराचा होता असं समजून मोठ्या रक्तवाहिन्या, डोकं आणि मान तपासा. खालच्या बरगड्या मोडल्या तर उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. एकही न मोडता फुप्फुसाला जबर मुका मार बसू शकतो. तान्ह्या बाळाची मोडलेली बरगडी दिसली तर मारहाणीचा संशय घ्यावाच लागतो.

साध्या एक्स-रेवर पुष्कळ मोडलेल्या बरगड्या दिसत नाहीत. एक्स-रे मुख्यतः हवा, रक्त आणि फुप्फुसाची स्थिती पाहायला काढतात.

छातीला पट्टा आवळून बांधू नये. बरं वाटतं, पण श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो. मोडलेल्या बरगडीपेक्षा नंतरचा न्यूमोनिया जास्त जीव घेतो, वृद्धांत विशेषतः. वेदना इतकी कमी हवी की पेशंटला नीट खोकता आलं पाहिजे. 50 किलोवरच्या प्रौढाला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी, 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा आजार किंवा कुपोषण असेल तर त्याहून कमी. तेवढ्याने भागलं नाही तर पुढची औषधं किंवा मज्जातंतू बधिर करणं. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास. खोकताना दुखऱ्या जागी उशी घट्ट धरायची. वृद्ध माणसाच्या तीन किंवा अधिक बरगड्या मोडल्या असतील तर घरी पाठवू नये.

लागून असलेल्या दोन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर भिंतीचा तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना आत जातो. डोळे तिथेच खिळतात; पण ऑक्सिजन घसरतो तो बहुतांशी खालच्या फुप्फुसाला बसलेल्या मुक्या मारामुळे, आणि तो मार पहिल्या एक-दोन दिवसांत वाढत जातो.

हवा दाबून बसली तर

धाप, घसरता रक्तदाब, एका बाजूला श्वास नाही आणि आवाज पोकळ: एक्स-रेची वाट पाहायची नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या नसल्या तरी निदान सोडू नका. रक्तस्राव झालेला असेल तर त्या फुगत नाहीत.

प्रौढांत सुईची जागा आता चौथी किंवा पाचवी स्पेस, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे. मुलांत दुसरी स्पेस, हंसळीच्या मध्यरेषेत. ही मध्यरेषा चुकते कारण हंसळी बाहेर खांद्याच्या टोकापर्यंत जाते हे विसरलं जातं. अर्धवट हंसळीचा मध्य काढला की सुई आत सरकते, मोठ्या रक्तवाहिन्यांकडे. दुसरं अपयश लांबीचं: 5 सेंटिमीटरची सुई पुष्कळ प्रौढांत आवरणापर्यंत पोचत नाही, 8 सेंटिमीटरची बऱ्याच जास्त जणांत पोचते. ‘फुस्स’ आवाज आला नाही म्हणजे हवा नव्हती असं नाही. आणि सुईवरची प्लॅस्टिकची बारीक नळी लवकर मुडपते, म्हणून सुईनंतर लगेच छातीत नळी टाकावी लागतेच.

पाणी काढताना

समोरून काढलेल्या एक्स-रेवर बरगडी आणि श्वासपटलाचा कोन बोथट व्हायला साधारण 200 मिलिलिटर पाणी लागतं, बाजूच्या एक्स-रेवर 50 पुरतं. सोनोग्राफीने जागा पाहूनच सुई घालावी आणि खूण केल्यावर पेशंटला हलवू नये. बसलेल्या माणसाची खूण आडव्या माणसाला लागू पडत नाही.

पेशंट बसून, पुढे टेबलावर हात टेकवून. खवाट्याच्या टोकाची रेषा, ठस आवाजाच्या वरच्या हद्दीपासून एक-दोन स्पेस खाली, पण नवव्या बरगडीच्या खाली नाही. बधिर करताना औषध तीन जागी पोचलं पाहिजे: त्वचा, बरगडीचं आवरण आणि बाहेरचं फुप्फुसावरण. दुखतं ते याच बाहेरच्या आवरणाला. फुप्फुसाला चिकटलेल्या आतल्या आवरणाला अशी वेदना नाही. बधिर करणाऱ्या साध्या लिडोकेनची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम धरा. 1 टक्का द्रावणात दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम, म्हणून 50 किलोच्या पेशंटला 15 मिलिलिटर.

एका वेळी 1.5 लिटरवर थांबा. छाती आवळली किंवा खोकल्याची उबळ आली तर त्याआधीच. आक्रसलेलं फुप्फुस झपाट्याने फुगलं तर त्यातच पाणी उतरतं.

पाण्याबरोबर त्याच वेळी रक्तही पाठवा, नाहीतर तुलना होत नाही. 1972 चे डॉक्टर लाइट यांचे निकष अजून वापरात आहेत: पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या 0.5 पटीहून जास्त, एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) 0.6 पटीहून जास्त, किंवा एलडीएच रक्तातल्या सामान्य कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यांतलं एक जरी असलं तरी आजार आवरणाचा किंवा फुप्फुसाचा धरून शोध सुरू. न्यूमोनियासोबतच्या पाण्याचं पीएच 7.2 पेक्षा कमी असेल तर सुईवर भागत नाही, नळी टाकावी लागते.

नळी

नळी टाकण्याचा सुरक्षित त्रिकोण काखेत आहे: पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कडा, मागे पाठीच्या रुंद स्नायूची कडा, खाली पाचवी स्पेस आणि टोक काखेच्या जरा खाली. इथे स्नायू पातळ असतो. त्रिकोणात फार मागे सरकलात तर काखेतून उतरणारा लांब मज्जातंतू दुखावतो आणि खवाटा पंखासारखा बाहेर येतो. वाट बोथट चिमट्याने करा, मग बोट आत घालून फुप्फुस चिकटलेलं नाही ना ते चाचपा. टोकदार दांड्यावर जोर देऊन नळी घुसवण्याच्या पद्धतीने यकृत, प्लीहा, हृदय सगळ्यांना भोकं पडलेली आहेत.

नळीचं टोक बाटलीत पाण्याखाली 2 सेंटिमीटर बुडालेलं हवं, आणि बाटली कायम छातीच्या खाली. श्वासाबरोबर पाणी वरखाली होत नसेल तर नळी मुडपली, तुंबली, किंवा फुप्फुस पूर्ण फुललं. बुडबुडे येत असलेली नळी कधीही चिमटा लावून बंद करू नका, पेशंटला हलवतानाही नाही. आतली हवा पुन्हा दाबून बसते. टाकताच 1500 मिलिलिटर रक्त आलं, किंवा पुढे दोन ते चार तास ताशी 200 येत राहिलं, तर शल्यचिकित्सकाला आधीच फोन झालेला असला पाहिजे.

काढताना दोघं लागतात. पेशंटला पूर्ण उच्छ्वास सोडून थांबायला किंवा तोंड मिटून जोर करायला सांगायचं, एकाने नळी एका दमात ओढायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी टाका आवळायचा. त्यानंतर एक्स-रे काढून फुप्फुस फुललेलंच आहे ना ते पाहायचं.